जुन्या गाडीची खडखड: पार्ट बदलण्याआधी या चुका टाळा

पुढून खडखड आली की "शॉकर गेले" म्हणून मोकळं व्हायचं, ही सगळ्यात महागात पडणारी चूक. शॉकर खरंच गेला असेल तर त्यावर तेल ओघळलेलं दिसतं, खड्ड्यातून निघाल्यावरही गाडी झुलत राहते. यातलं काहीच नसताना तो बदलायची घाई कशाला?

माझ्या मित्राने 14 वर्षं जुन्या हॅचबॅकचे पुढचे दोन्ही शॉकर माउंटिंगसकट बदलले. आवाज जसाच्या तसा. मी त्याच्या शेजारी बसून चक्कर मारली. स्पीडब्रेकरवर दोन्ही चाकं एकदम चढली की गाडी गप्प, तिरकी घातली की कटकट. निम्मं उत्तर तिथेच मिळालं. चाकं एकत्र वरखाली झाली तर स्टॅबिलायझर बारला, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूंना जोडणाऱ्या दांड्याला, पीळ बसत नाही. एकच चाक उचललं की बसतो, आणि त्या बारच्या टोकाची ढिली लिंक रॉड वाजते. "पण लिंक तपासली होती," मित्र म्हणाला. तपासली होती, पण एकाच बाजूला जॅक लावून. तेव्हा बार पिळलेला असतो, लिंक ताणाखाली घट्ट बसते आणि ढिलेपणा लपतो. आम्ही दोन्ही चाकं जमिनीवर ठेवली, आत हात घालून लिंक हलवली, तर जॉइंट बोटांखाली टकटक करत होता. दोन्ही बाजूंच्या लिंक बदलल्या आणि गाडी शांत झाली. शॉकरचे पैसे मात्र वाया गेले.

दुसरी चूक बघून जीव तुटतो. लोअर आर्मला (चाक धरणारा खालचा दांडा) नवे बुश (सांध्यातले रबरी तुकडे) घातले, काही महिन्यांत पुन्हा फाटले, की लोक पार्टला नावं ठेवतात. दोष बहुतेक वेळा आवळण्यात असतो. बोल्ट आवळला की बुशची आतली नळी जागीच पकडली जाते आणि पुढची सगळी हालचाल रबर पीळ खाऊन सोसतं. चाक लोंबत असताना बोल्ट आवळलात, तर गाडी खाली आल्यावर ते रबर कायमचं पिळलेलं राहतं. मी बोल्ट आधी नुसते हाताने लावतो, गाडीचं वजन चाकांवर येऊ देतो आणि मगच शेवटचं घट्ट आवळतो. ही दहा मिनिटं वाचवणाऱ्यांच्या हाती मी माझी गाडी देणार नाही.

बुश करकरतोय म्हणून त्यावर इंजिन ऑइल ओतू नका, रबर फुगून खराब होतं. मी एकेका बुशवर साबणाचं पाणी मारतो. ज्यावर मारल्यावर करकर थांबते, तोच दोषी.

नुसत्या कानावर जाऊ नका, आवाज बॉडीतून फिरत भलतीकडेच ऐकू येतो. चाकं जमिनीवर, इंजिन बंद, स्टेअरिंग लॉक उघडा. एकाने स्टेअरिंग थोडं थोडं डावी-उजवीकडे हलवायचं, दुसऱ्याने टाय रॉड एंडवर (स्टेअरिंगची हालचाल चाकाला देणाऱ्या दांड्याचं टोक) हात ठेवायचा. ठोका हाताला कळतोच. एंड बदललात तर चाकांचं अलाइनमेंट करून घ्याच.

स्टेअरिंग पूर्ण वळवून गाडी हलवताना टक-टक-टक आलं तर आधी एक्सलचा बाहेरचा, चाकाजवळचा जॉइंट बघा, स्टेअरिंगचा रॅक उघडू नका.

उचललेलं चाक वरून आणि खालून धरून हलवलं आणि प्ले (ढिलेपणा) लागला, तर कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. प्ले गेला तर चाकाचं बेअरिंग, राहिला तर बहुधा बॉल जॉइंट, म्हणजे चाकाची बाजू लोअर आर्मला जोडणारा गोल सांधा. हे करताना स्टँड लावलेलाच हवा, जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका. आणि बॉल जॉइंटच निघाला, तर तो बदलेपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका. तो निसटला की चाक आडवं पडतं, गाडी हातात राहत नाही.