आईच्या कमरेतली गाठ सुईने फोडून घेतली तेव्हा

एमआरआयच्या रिपोर्टात ‘सिस्ट’ शब्द दिसताच आईने विचारलं, “गाठ म्हणजे कॅन्सरची का गं?” घरात पहिला प्रश्न हाच येतो, म्हणून आधी तो मिटवा. मणक्यांच्या मागचे छोटे सांधे झिजले की कधी कधी त्यांतल्या वंगणाची पिशवी फुगते आणि शेजारची नस दाबते. हा कॅन्सर नव्हे. बहुतेकदा ती कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमध्ये असते. तिथे हालचाल जास्त.

डॉक्टरांकडे जाण्याआधी आठवडाभर एका वहीत लिहा: किती मिनिटं उभं राहवतं, दुखणं नेमकं कुठे उतरतं. ओट्यापाशी पंधरा मिनिटं झाली की आईची उजवी पोटरी भरून यायची. वाकून केर काढताना मात्र बरं वाटायचं. नुसतं “कंबर दुखते” म्हटलं असतं तर हे निसटलं असतं.

माझा सगळ्यात मोठा आग्रह एक्स-रेचा आहे. एमआरआय झोपवून काढतात, त्यामुळे उभं राहिल्यावर सरकणारा मणका त्यात सुटू शकतो. उभं राहून, पुढे आणि मागे वाकून एक्स-रे काढायचा का, हे सुईची तारीख घेण्याआधी विचारा. मणका सरकत असेल तर नुसत्या सुईने भागेल का, हेही तेव्हाच विचारा.

रक्त पातळ करणारी गोळी स्वतःहून बंद करू नका, ती देणाऱ्या डॉक्टरांना विचारा. मधुमेह असेल तर सुईतून देतात त्या स्टेरॉइडने काही दिवस साखर वाढू शकते, तपासत राहा. आधी कुठल्या औषधाची किंवा डायची (एक्स-रेत दिसावं म्हणून टोचतात त्या द्रवाची) ॲलर्जी आली असेल तर सांगा.

पालथं झोपवून जागा बधिर करतात, मग एक्स-रेच्या पडद्यावर पाहत सुई सांध्यात नेतात. दाब देऊन औषध भरलं की पिशवी फुटते. त्या क्षणी नेहमीची पायातली कळ जोरात येऊ शकते. आईला हे आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून ती हलली नाही. त्या दिवशी गाडी चालवू नका, सोबत कोणीतरी हवंच.

पाऊल लुळं पडलं, लघवी अडली किंवा जांघेत बधिरपणा आला तर तारखेची वाट पाहू नका, लगेच इस्पितळ गाठा.

पिशवी पुन्हा भरू शकते. तेव्हा परत सुई, नाहीतर छोट्या छेदातून नळी घालून दुर्बिणीची शस्त्रक्रिया. म्हणून वही बंद करू नका. आई अजून ओट्यापाशी उभं राहिल्याची मिनिटं लिहिते. आकडा उतरू लागला की मी डॉक्टरांना फोन लावते.