घाटावरचा रात्रीचा फोटो आणि कॅमेऱ्याची खोटारडी स्क्रीन

नांदेडच्या घाटांवर रात्रीचे फोटो काढायला उतरणाऱ्या नव्या पोरापोरींना आधी एवढंच सांगते: कॅमेऱ्यामागची स्क्रीन अंधारात खोटं बोलते. ट्रायपॉड, रॉ फाइल, दोन सेकंदांचा टायमर हे तुम्हाला ठाऊक असणारच. स्क्रीनचं कुणी सांगत नाही. मलाही सांगितलं नव्हतं, आणि त्यापायी हिवाळ्यातल्या कितीतरी सोन्यासारख्या संध्याकाळी मातीत गेल्या. आठवलं की अजून चडफडते.

होतं असं, की नगिनाघाटाच्या पायऱ्यांवर थोडा वेळ उभं राहिलं की डोळे अंधाराला सरावतात. त्या डोळ्यांना स्क्रीन झगझगीत दिसते. आठ सेकंद शटर उघडं ठेवून काढलेला फोटो बघून वाटतं, जास्तच उजळ आला. मग चार सेकंद. तोही उजळच वाटतो, मग दोन. घरी कॉम्प्युटरवर उघडला की दिवे तेवढे दिसतात. पाणी, पायऱ्या, काठची माणसं सगळी काळ्या चिखलात. आठाचे दोन सेकंद केले म्हणजे प्रकाश पावपट उरला. सॉफ्टवेअरमध्ये कितीही उजळवा, सावल्यांत दाणे आणि रंगीत ठिपकेच वर येतात.

म्हणून स्क्रीनची ब्राइटनेस ऑटोवरून काढा, हातानं बरीच कमी करा आणि फोटोऐवजी हिस्टोग्राम बघा, म्हणजे फोटोत अंधार किती आणि उजेड किती ते दाखवणारा आलेख: डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं. रात्री त्याचा ढीग डावीकडे असणारच, त्याला घाबरू नका. पण तो डाव्या भिंतीला चिकटून कापला गेला असेल तर वेळ वाढवा. खांबांवरचे दिवे पांढरेफटक पडतील, पडू द्या. सचखंड गुरुद्वाऱ्याचा सोनेरी घुमट फ्रेममध्ये असेल तर तो मात्र जपा. तिथं अजून एक मेख आहे: सोनेरी उजेडात लाल चॅनेल, म्हणजे फोटोतला लाल रंगाचा भाग, सगळ्यात आधी काठोकाठ भरतो, आणि एकत्र दाखवणारा हिस्टोग्राम ‘ठीक आहे’ म्हणत राहतो. तिन्ही रंगांचे आलेख वेगळे दाखवणारा पर्याय चालू करा. घुमट आणि पाणी एका एक्स्पोजरमध्ये, म्हणजे एकदा टिपलेल्या उजेडात, मावत नसतील तर ट्रायपॉड न हलवता दोन वेगळे घ्या आणि नंतर जोडा.

आठ-आठ सेकंद थांबून फ्रेम शोधत बसू नका. आयएसओ म्हणजे कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ठेवलाय त्याचा आकडा. आयएसओ ६४०० ला सेकंदाच्या आठव्या भागात जो उजेड मिळतो, तोच आयएसओ १०० ला आठ सेकंदांत मिळतो. आधी ६४०० वर फ्रेम आणि क्षितिज बघून घ्या, मग १०० वर खरा फोटो.

महागडी लेन्स नाही म्हणून रडू नका. ट्रायपॉडवर एफ/८ ला, म्हणजे लेन्सचं छिद्र बऱ्यापैकी लहान ठेवूनही, काम चालतं, कॅमेऱ्याबरोबर आलेली किट लेन्स पुरते. खरंच पुरते. फोकस मात्र लाइव्ह व्ह्यू (स्क्रीनवरचं चालू दृश्य) मोठा करून लांबच्या दिव्यावर हातानं लावा. अंधाऱ्या पाण्यावर ऑटोफोकस नुसता मागे-पुढे फिरत बसतो.

वेळेचं म्हणाल तर काळ्याकुट्ट रात्रीपेक्षा सूर्य बुडाल्यावर पंधरा ते तीस मिनिटांनी आकाश निळं असतं तेव्हाच. डिसेंबरात सूर्य पावणेसहाच्या सुमारास जातो, म्हणजे सहाला कॅमेरा लावून तयार पाहिजे. साडेसहाला चहा पिऊन येणाऱ्यांना काळं आकाश मिळतं. दिवाळीत बंदाघाटावर दिवाळी पहाट असते, तेव्हा हाच निळा उजेड सकाळी उलट्या क्रमानं मिळतो आणि गर्दीतले चेहरेही मिळतात.

‘सेटिंग काय होती?’ हा प्रश्न विचारणं सोडा. दुसऱ्याच्या उजेडाची सेटिंग तुमच्या काय कामाची? प्रीसेट (फोटोवर चढवायच्या तयार सेटिंग) विकणाऱ्यांचं तर नावच काढू नका. दोन दिवसांच्या वर्कशॉपमध्ये सगळे गुरूच्या ट्रायपॉडमागे रांगेनं उभे राहतात आणि एकच फोटो वीस जणांच्या कार्डात जातो. त्यापेक्षा लग्नाच्या ऑर्डरी घेणाऱ्या एखाद्या दादाच्या हाताखाली एक सीझन लाइट धरा. मंडपातला हॅलोजन आणि एलईडी एकाच चेहऱ्यावर पडतात तेव्हा व्हाइट बॅलन्सचं, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून केलेल्या रंगांच्या जुळणीचं, काय होतं, ते तिथं कळतं. घाटावरही हाच घोळ असतो: एक दिवा पिवळा, शेजारचा पांढरा.

पोरींनो, एकट्या जाऊ नका असं मी म्हणणार नाही, मला ते ऐकून कंटाळा आलाय. पण सोबत कुणी असलं तर सामानावर लक्ष राहतं. आमचा धाकटा कुरकुरत का होईना यायचा.

पुलावरून काढत असाल तर ट्रक जाऊ द्या, कठडा आणि रस्ता दोन्ही थरथरतात. पूल शांत झाला की मगच बटन दाबा. गुरुद्वाऱ्याच्या आवारात डोकं झाका, जोडे बाहेर ठेवा आणि कॅमेरा काढण्याआधी सेवादारांना विचारा. गोवर्धन घाटावर अंत्यसंस्कार होतात, तिथं लेन्सवर झाकण राहू द्या.

पावसाळ्यात पाण्याच्या कडेला उतरूच नका. विष्णुपुरीचा प्रकल्प शहराच्या वरच्या अंगाला आहे, त्याचे दरवाजे उघडले की घाटाच्या पायऱ्या बघता बघता पाण्याखाली जातात. त्या दिवसांत बातम्या बघूनच घरातून निघा. पूर ओसरला तरी लगेच जाऊ नका. पायऱ्यांवर गाळाचा थर राहतो आणि तो साफ होईपर्यंत ट्रायपॉडही घसरतो, माणूसही.