घरच्या मागाच्या कापडाचा शर्ट ब्रँड काढताय? लोगो नंतर, आधी कापड धुवून बघा

आमच्या इचलकरंजीत 1904 साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला, तेव्हापासून कितीतरी घरांची चूल मागावरच पेटलीय. आजोबांनी धोतरं-साड्या विणल्या, बाबांनी पॉपलिन-कँब्रिक, तेही खर्चीवर, म्हणजे सूत व्यापाऱ्याचं आणि आपल्याला पिकावर, म्हणजे विणलेल्या आडव्या धाग्यांच्या हिशोबाने, मजुरी. कापडावर आपलं नाव कधीच आलं नाही. म्हणून ब्रँड काढायचा असेल तर जरूर काढा, पण शर्टात घरचं कापड पाहिजे, नुसती टॅगवर आजोबांची गोष्ट नको.

पहिलं काम, घरातले जुने तुकडे शोधा. ट्रंकेत, कपाटात, मिळेल तिथं. त्यातली एखादी काठाची पट्टी किंवा चेक्स निवडा आणि एकच डिझाईन घ्या. स्वतःचे रंगीत चेक्स विणायचे तर पूर्ण बीम, म्हणजे उभे धागे गुंडाळायचा मागाचा रूळ, भरण्याएवढं सूत लागतं, पैसे अडकतात, त्यामुळे सेक्शनल वार्पिंगवाल्याकडे, म्हणजे उभे धागे पट्ट्या-पट्ट्यांनी गुंडाळून देणाऱ्याकडे, छोटा ताणा (उभे धागे) होतो का विचारा. काउंट, म्हणजे सुताच्या बारीकपणाचा आकडा, 40 किंवा 60 चा ठेवा, आपल्या हवेला बरा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मागावरून उतरलेलं ग्रे, म्हणजे कोरं न धुतलेलं, कापड खळीमुळे कडक असतं, हाताला छान भरदार लागतं आणि आपण फसतो. आधी प्रोसेसला, म्हणजे खळ काढून धुलाईला, पाठवा, आलं की 50 सेंमीचा चौकोन पेनाने आखून तीनदा धुवा, वाळवा, मोजा. 48.5 भरलं म्हणजे 3 टक्के आटलं, मग कटिंगला तेवढं माप वाढवायचं किंवा सॅन्फोराइज करून, म्हणजे मशीनवर आधीच आटवून, घ्यायचं. मी पहिल्या लॉटला हे केलं नाही, दोन धुण्यात कॉलर गळ्याला आवळायला लागली आणि गिऱ्हाईकाला पैसे परत दिले, फार वाईट वाटलं होतं.

58 इंच पन्ह्यात फुल शर्टाला साधारण 1.6 मीटर लागतं, चेक्स जुळवायचे तर जास्त. खिसा आणि पुढच्या पट्टीवर चेक्स जुळलेच पाहिजेत, मागवाल्याच्या घरचा शर्ट आहे तो! कॉलरचं फ्युजिंग, म्हणजे आत चिकटवलेलं कडक अस्तर, तेही धुवून बघा, स्वस्तातलं फुगतं. सुरुवातीला 50 शर्टच करा.

आणि लेबलवर हातमाग लिहू नका. यंत्रमागाचं कापड आहे, यंत्रमागच लिहा, गावाचं नाव लिहा, काउंट लिहा, आणि बाबांना चालत असेल तर त्यांचंही नाव.