बॅरिअॅट्रिक ऑपरेशनआधीचे दोन आठवडे: यकृत लहान कसं करावं

बॅरिअॅट्रिक, म्हणजे वजन कमी करण्यासाठी जठरावर होणाऱ्या ऑपरेशनची तारीख ठरली की घरात दोन सल्ले सुरू होतात. एक, "आता हलकं खा." दुसरा, "नंतर काही खाता येणार नाही, एकदा मनसोक्त सावजी होऊन जाऊ दे." दोन्ही चुकीचे. नागपुरात आहारतज्ज्ञ म्हणून मी या ऑपरेशनसाठी माणसं तयार करते, आणि पहिल्या सल्ल्यानं जास्त नुकसान होताना पाहते, कारण तो ऐकायला शहाणपणाचा वाटतो.

१. रक्त तपासा. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२, फोलेट, ड जीवनसत्त्व, तीन महिन्यांची साखर. शाकाहारी घरांत बी-१२ कमी निघणं नेहमीचंच. जे कमी असेल ते आधीच भरून काढा. ऑपरेशननंतर, विशेषतः गॅस्ट्रिक बायपासनंतर (जठर लहान करून थेट आतड्याला जोडतात ते), शोषण घटतं.

२. खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) बंद. किमान सहा आठवडे आधी, सिगारेटही. तंबाखूनं जखम उशिरा भरते आणि जोडलेल्या जागी अल्सर होऊ शकतो. "एक पुडी दोन दिवस पुरवतो" हे चालत नाही.

३. गोळ्या दाखवा. खाणं निम्म्यावर आलं आणि मधुमेहाचं इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडची गोळी तेवढीच राहिली, तर साखर धोकादायक खाली जाते. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर कमी पिष्टाच्या आहारात रक्तात कीटोन (चरबी जळताना बनणारी आम्लं) धोकादायक वाढू शकतात, आणि साखरेचा आकडा मात्र ठीक दिसतो. बीपीच्या गोळ्याही बदलाव्या लागतात. स्वतःहून काही सोडू नका. आहार सुरू करण्याआधीच डॉक्टरांना भेटा.

४. शेवटचे दोन आठवडे. सगळी अडचण इथे आहे. हा टप्पा लोकांकडून नीट पार पाडून घेणं मलाही बराच काळ जड गेलं, कारण तो कशासाठी आहे हेच कोणी त्यांना सांगितलेलं नसतं.

जठरावर यकृताचा डावा भाग पसरलेला असतो. दुर्बिणीतून काम करताना सर्जन तो वर उचलून धरतात, तेव्हा जठराचा वरचा भाग दिसतो. लठ्ठपणात यकृत बहुतेकदा चरबीनं मोठं, जड आणि ठिसूळ झालेलं असतं. उचलताना त्यातून रक्त येऊ शकतं. कधी जागाच मिळत नाही आणि ऑपरेशन थांबवावं लागतं. म्हणून हे दिवस वजनकाट्यासाठी नाहीत, यकृतासाठी आहेत.

यकृत साखर साठवतं ती ग्लायकोजेनच्या रूपात, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. साखर आणि पिष्ट तोडलं की आधी हा साठा उतरतो, मग चरबी. आता "हलकं" म्हणून काय खाल्लं जातं ते बघा: मऊ भात, पेज, साबुदाण्याची खिचडी, पोहे आणि आपल्याकडे हमखास संत्र्याचा रस. पचायला सगळं सोपं, आणि सगळंच तो साठा पुन्हा भरणारं. रसाच्या एका पेल्यात तीन-चार संत्र्यांची साखर जाते, चोथा बाहेर राहतो. दोन आठवडे रस नकोच.

साधारण हिशेब असा: दिवसाला ८०० ते १००० कॅलरी, ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं, पिष्ट आणि तेल अगदी कमी. तुमचा नेमका आकडा तुमची टीम ठरवेल. "मी वरण पितो की" असं मला रोज ऐकावं लागतं. एक वाटी पातळ वरणात जेमतेम चार-पाच ग्रॅम प्रथिनं असतात. त्यापेक्षा ५० ग्रॅम कोरड्या सोया वड्या घ्या, पंचवीसेक ग्रॅम मिळतात. अंड्याचा पांढरा भाग, साय काढलेल्या दुधाचं दही, त्याच दुधाचं घरी केलेलं पनीर, तव्यावर भाजलेलं चिकन. सोबत दुधी, दोडका, पालक, काकडी, वरून सांबार (कोथिंबीर) पेरा. प्रोटीन पावडर पाण्यातून घ्या, पण किडनीचा त्रास असेल तर आधी विचारा.

पूर्ण उपाशी राहणाऱ्यांना मी ठामपणे थांबवते. उपासमारीत स्नायू झिजतात, आणि जखम भरायला लागणारं बळ त्यातूनच जातं.

सुरुवातीचे तीन-चार दिवस डोकं दुखतं, चिडचिड होते. चहा-बिस्किटानं पथ्य मोडू नका, पाणी वाढवा. उन्हाळ्यात पारा ४५ च्या घरात असताना तर दिवसभर मीठ घातलेला पातळ मठ्ठा हाताशी हवा (बीपी, हृदय किंवा किडनीचा आजार असेल तर मिठाचं प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून). उसाचा रस आणि गुळाचं पन्हं नाही.

आणि लग्नाची पंगत. "एका जेवणानं काय होतं?" होतं. भरपेट भात आणि गोडधोड झालं की ग्लायकोजेनचा साठा दिवसभरात परत भरायला लागतो. हे घरच्यांना समोर बसवून सांगा, कारण आग्रह तेच करतात.

५. सवय लावा. घास बारीक चावून खा, जेवताना पाणी नको, एरवी घोटाघोटानं प्या.

६. आदला दिवस. खाणं आणि पाणी किती वाजता थांबवायचं हे भूलतज्ज्ञांकडून लिहून घ्या. मधे पथ्य मोडलं असेल तर सर्जनना त्याच वेळी खरं सांगा. तारीख पुढे नेता येते.