मे महिन्यात विहिरीत पोहायला जाताय? मग आधी हे बघा

सुट्टीत गावाला आलं की पोरांना विहीर दिसल्याशिवाय चैन पडत नाही, आणि पडूही नये, पोहणं शिकायला विहिरीसारखी जागा नाही. पण उडी मारायच्या आधी थोडी तयारी लागते.

पहिलं काम मोटारीचं. नुसतं स्टार्टरचं लाल बटण दाबून भागत नाही, कारण बऱ्याच ठिकाणी ऑटोस्विच असतो, लाईट आली की मोटार आपोआप चालू. केबल कुठे सोललेली असेल तर पाण्यात करंट उतरतो आणि तो काही डोळ्यांनी दिसत नाही. म्हणून ज्याची विहीर त्यालाच सांगून फ्यूज काढून घ्यायचे, सगळी पोरं वर येईपर्यंत ते त्याच्याच खिशात राहू द्यायचे.

मग पाणी बघा. दिवाळीत जिथून सूर मारला तिथूनच मे महिन्यात मारायचा नाही, पाणी खाली गेलेलं असतं, कपारीचा दगड वर आलेला असतो. दोराला दगड बांधून खोली मोजा, पहिल्यांदा पायऱ्यांनीच उतरा (शेवाळ बघून), आणि डोक्यावर सूर नकोच, मान मोडली तर माणूस जन्माचा अंथरुणाला खिळतो. वर्षानुवर्षं बंद असलेल्या आडात तर उतरूच नका, तिथे तळाला विषारी वायू साठलेला असू शकतो.

शिकणाऱ्याच्या पाठीला डबा घट्ट बांधा, कमरेला दोर, दोराचं टोक वरच्या माणसाच्या हातात. हा वरचा माणूस पोहणारा हवा आणि त्याच्या हातात मोबाईल नको, कारण बुडणारा सिनेमातल्यासारखा ओरडत नाही, तोंड पाण्याच्या वर-खाली होतं, हात नुसते पाणी दाबतात, आणि मिनिटभरात गडप.

कोणी गटांगळ्या खायला लागला तर लगेच उडी टाकू नका. तो मिठी मारतो आणि दोघंही जातात, दरवर्षी पेपरात एकाला वाचवायला गेलेला दुसरा बुडाल्याची बातमी असतेच. दोर, फुगवलेली ट्यूब, झाकण लावलेला रिकामा कॅन, काहीही फेका. हे सगळं आधीच काठावर आणून ठेवायचं, तेव्हा शोधायला गोठ्यात पळायचं नाही.

बाहेर काढल्यावर उलटं टांगून गरगर फिरवणं, पोट दाबून पाणी काढणं, हे सगळं बंद. श्वास नसेल तर एकाने १०८ ला फोन लावायचा आणि दुसऱ्याने तोवर नाक दाबून तोंडाने श्वास द्यायला सुरुवात करायची, मग छातीच्या मधोमध जोरात ३० वेळा दाबायचं, २ श्वास, परत ३०, ॲम्ब्युलन्स येईपर्यंत थांबायचं नाही. आणि तो उठून बसला, "मला काय झालं नाय" म्हणाला तरी दवाखान्यात न्याच, फुफ्फुसात पाणी गेलं असेल तर काही तासांनीही धाप लागू शकते.