मुक्तिनाथला जाताय? पोखरा-जोमसोम विमान बुक करण्याआधी हे वाचा

नेपाळमधल्या मुक्तिनाथ मंदिरासाठी बरेच जण पोखऱ्याहून मुक्तिनाथजवळच्या जोमसोमला छोट्या विमानाने जातात, जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं लागतात. पण 29 मे 2022 ला याच रूटवर तारा एअरचं ट्विन ऑटर जातीचं छोटं विमान खराब हवेत डोंगरावर आदळलं आणि 22 च्या 22 जण गेले, त्यात आपल्या ठाण्याचं चौघांचं कुटुंब होतं. त्याआधी फेब्रुवारी 2016 मध्ये याच कंपनीचं विमान याच रूटवर पडलं, तेव्हा 23 जण गेले.

एका बाजूला अन्नपूर्णा, दुसऱ्या बाजूला धौलगिरी, दोन्ही आठ हजार मीटरच्या वर, आणि मधल्या काली गंडकीच्या दरीतून पायलटला समोर बघत बघत विमान न्यावं लागतं, ढगात शिरलं की दरी कुठे वळते तेच दिसत नाही. 2022 च्या चौकशीत हेच निघालं, ढगात मार्ग सुटला आणि डोंगर जवळ आल्याची वॉर्निंग देणारी सिस्टीम बंद करून ठेवलेली होती.

आता प्लॅनिंग. जून ते सप्टेंबर पावसाळा, तेव्हा जाऊच नका, ऑक्टोबर-नोव्हेंबर बेस्ट. सकाळचीच फ्लाइट घ्या कारण नंतर जोमसोमला भयंकर वारा सुटतो, पण सकाळ आहे म्हणजे हवा चांगलीच असं धरू नका, ते 2022 चं विमान पण सकाळी दहाच्या आतच सुटलं होतं.

सगळ्यात महत्त्वाचं, पोखऱ्यात दोन दिवस जास्तीचे ठेवा आणि परतीचं मुंबईचं तिकीट अगदी लागून काढू नका. तिकीट लागून असलं की फ्लाइट लेट झाली की माणूस काउंटरवर जाऊन भांडतो, बाकीचे पण सुरू होतात, आणि ते प्रेशर शेवटी उडवायचं की नाही हे ठरवणाऱ्यावर येतं. प्लीज असं करू नका, कॅन्सल म्हणाले की बॅग उचला, रिफंडचं विचारा आणि सरळ जीप बघा.

ग्रुपमध्ये कोणी वयस्कर असेल तर हे सगळं त्यांना घरीच सांगून ठेवा, तिथे ऐनवेळी "एवढ्या लांब आलोय, दर्शन राहील" सुरू झालं की कोणाचंच डोकं चालत नाही.

जीपने आठ-दहा तास लागतात, रस्ता खराब आहे, पावसात दरडी पडतात, त्यामुळे तोही उजेडातच करा. वाटेत तातोपानीला मुक्काम टाका, गरम पाण्याची कुंडं आहेत, पण तातोपानी जेमतेम बाराशे मीटरवर आहे, त्यामुळे तिथे राहिल्याने मुक्तिनाथच्या विरळ हवेची सवय होईल असं धरू नका.