डेल्टातील स्ट्राइप्ड बास का घटला, हे कसे तपासावे

कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटो आणि सॅन वाकीन या नद्यांच्या डेल्टात स्ट्राइप्ड बास हा मासा पूर्वीसारखा गळाला का लागत नाही, असे विचारले तर कोणी डेल्टातून पाणी उपसणाऱ्या पंपांवर, कोणी सीलायनवर (समुद्रसिंहांवर), तर कोणी शेतीतल्या कीटकनाशकांवर ठपका ठेवतो. बे एरियात राहून हौसेने गळ टाकणाऱ्या मराठी वाचकाने यांपैकी एक बाजू निवडण्याआधी कारणांच्या तारखा जुळवून पाहाव्यात.

प्रथम मासेमारीचा इतिहास पाहावा. हा मासा इथला नव्हे. 1879 मध्ये तो न्यू जर्सीहून आणून मार्टिनेझजवळ सोडण्यात आला. 1935 पासून त्याची व्यापारी मासेमारी बंद आहे, त्यामुळे 1970 च्या दशकापासूनच्या घटीचा दोष व्यापारी जाळ्यांना देता येत नाही.

त्यानंतर आपल्या टोपलीऐवजी पिल्लांकडे पाहावे. मादी साधारण चार ते सहा वर्षांनी प्रजननक्षम होते, म्हणून पिल्ले आज कमी झाली तरी गळाला ते बऱ्याच उशिरा जाणवते. 1959 पासून उन्हाळ्यात जाळी ओढून सरासरी 38 मिलिमीटर लांबीच्या पिल्लांचा निर्देशांक काढला जातो. तोच आधार धरावा.

आता तारखा लावाव्यात. ट्रेसी येथील केंद्र सरकारचे पंप 1951 मध्ये आणि राज्याचे पंप 1960 च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाले; पिल्लांची मोठी घट 1970 च्या दशकात दिसली आणि 1976-77 च्या दुष्काळाने तीत भर घातली. वनस्पतिप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, फस्त करणारा आशियाई शिंपला 1986 मध्ये आला. डेल्टाला लागून असलेल्या सुईसन उपसागरातील अन्नसाखळी त्याने पोखरली हे खरे, पण त्याआधीच्या घटीचे खापर त्याच्यावर फोडता येणार नाही.

पंपांच्या बाबतीत विशेष सावध राहावे. बासची अंडी प्रवाहाबरोबर वाहत जातात, आणि उपसा जोरात असला की ओल्ड आणि मिडल या नद्या उलट्या, म्हणजे पंपांच्या दिशेने वाहू लागतात. पंपांपाशी मासे वाचवणाऱ्या यंत्रणेत अंडी आणि अगदी लहान पिल्ले अडकतच नाहीत. शिवाय राज्याच्या पंपांआधी लागणाऱ्या क्लिफ्टन कोर्ट जलाशयात मोठे मासे, त्यांत खुद्द बासही, लहानांना गिळतात. त्यामुळे ‘इतके मासे वाचवले’ हा आकडा हानीचे माप मानू नये. नदीत मासेच कमी उरले तरी तो आकडा घसरतो, आणि घसरलेला आकडा सुधारणा म्हणून मिरवणारे भेटतातच.

शेवटी इतर जातींशी ताडून पाहावे. 2002 च्या सुमारास बासच्या पिल्लांबरोबर डेल्टा स्मेल्ट, लाँगफिन स्मेल्ट आणि थ्रेडफिन शॅड या लहान माशांची संख्याही एकदमच कोसळली. यांतील दोन जाती स्थानिक आहेत आणि दोन बाहेरून आणलेल्या. शिवाय थ्रेडफिन शॅडसाठी हौशी मासेमार गळ टाकत नाहीत. तेव्हा कोसळण्याचे कारण गळात नव्हे, तर पाणी, अन्न आणि प्रदूषण यांत शोधावे लागते.